माझ्याकडे चालतंय

‘माझ्याकडे चालतंय.’ हे दोन शब्द कानावर पडले की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्या धंद्यात ते रोज कुणीतरी कुणाला तरी ऐकवत असतं. तुमचा प्रोग्रॅम कुठेतरी मान टाकतो, तुम्ही मदत मागता, समोरचा खुर्चीतून न हलता तोच प्रोग्रॅम स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालवून बघतो आणि सांगतो, माझ्याकडे चालतंय. म्हणजे विषय संपला आणि चूक तुमची. या दोन शब्दांमुळे माझ्या ताईच्या दुकानाचं वाटोळं झालं असं मी म्हटलं की लोक मनातल्या मनात हसतात. दुकानात पाणी पावसाने शिरतं, शब्दांनी नाही, हे मलाही कळतं. तरी एकदा सगळं ऐकून घ्या आणि मग हसा.

मी डेटा इंजिनिअर आहे. कंपनी पुण्यात, मी पोलादपुरात. आईचे दोन्ही गुडघे गेले तेव्हा पुण्यातली खोली सोडून घरी आले, ती राहिलेच. आमची वाडी हायवेपासून हाकेच्या अंतरावर आहे. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून कशेडी घाटाकडे जाणारे ट्रक दिसतात. घरात चांगलं नेट आहे, इन्व्हर्टर आहे, आणि कामाला लागतं तेवढं डोकंही आहे. पण ज्याच्या हाताखाली मी काम करते तो आमचा लीड मीटिंगमध्ये मला ‘आपल्या गावाकडच्या मॅडम’ म्हणायचा आणि बाकीचे हसायचे. प्रोग्रॅम पुण्यातल्या कुणाचा बंद पडला तर ती तांत्रिक अडचण असायची. माझा बंद पडला की ते पोलादपूर असायचं.

ताई माझ्याहून मोठी. महाडच्या बाजारात एका गल्लीत तळमजल्यावर तिचं शिलाईचं दुकान आहे. ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. महाडला नदी गावाला चिकटून वाहते आणि पावसाळ्यात तिला वाटलं की बाजारात येते. म्हणून तिथल्या बहुतेक दुकानांना माळा असतो, आणि पाणी येणार अशी कुणकुण लागली की सगळी गल्ली सामान माळ्यावर चढवायला घेते. आपलं झालं की शेजारच्याचं. ताईच्या मशीन जुन्या, बिडाच्या पायांच्या. एकेक मशीन उचलायला दोन माणसं लागतात. चढवायचं, रात्रभर वाट बघायची, पाणी आलं नाही की पुन्हा उतरवायचं, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. ताईची कंबर या चढवाचढवीतच गेली.

म्हणून कंपनीकडे हे काम आलं तेव्हा मी ते मागून घेतलं. सावित्रीच्या खोऱ्यात वरच्या अंगाला, पोलादपूरच्या मागच्या डोंगरांत आणि वरंधच्या बाजूला, पाऊस मोजणारी यंत्रं बसवलेली होती. ती दिवसरात्र आकडे पाठवत. त्या आकड्यांवरून महाडला पाणी कधी आणि किती चढेल ते काढायचं आणि बाजारातल्या दुकानदारांच्या मोबाईलवर मेसेज टाकायचा. मेसेज तीनच: ‘नेहमीसारखं’, ‘लक्ष ठेवा’ आणि ‘सामान वर न्या’. शेवटचा मेसेज पाणी यायच्या पुष्कळ आधी गेला पाहिजे, हा सगळ्या खटाटोपाचा हेतू. गावात पुराचा भोंगा असतो, पण तो माणसांसाठी असतो, जीव घेऊन वर जा म्हणून. बिडाच्या मशीनला त्याहून जास्त वेळ लागतो.

पहिल्या पावसाळ्यात मेसेज बरोबर आले. ताईने दोनदा सामान चढवलं आणि दोन्ही वेळा पाणी गल्लीत आलं. बाकीच्या वेळी ती निवांत बसून शिवत राहिली. शेजारचे किराणावाले काका पोती चढवायला लागले की ती त्यांना फोन दाखवायची आणि म्हणायची, ‘माझ्या बहिणीचं हाय हे. नेहमीसारखं बोलतंय, कशाला दमताय?’ हे मला तिने स्वतः सांगितलं होतं, हसत हसत. मला तेव्हा इतका अभिमान वाटला होता की मी ते आईलाही सांगितलं.

आता घोळ कुठे झाला ते सांगते. इतके सगळे आकडे एका कॉम्प्युटरला झेपत नाहीत. म्हणून ते काम अनेक मशीनना, म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटरना, वाटून द्यायचं आणि शेवटी सगळ्यांची उत्तरं एकत्र करायची, अशी एक व्यवस्था असते. आमच्या वाडीत वैशाख पौर्णिमेचं जेवण असंच होतं. विहाराजवळ तेवढी जागा नाही, म्हणून भाताचे तांदूळ पाच-सहा घरांत वाटून देतात. प्रत्येक चुलीवर थोडा थोडा भात शिजतो आणि शेवटी सगळा एका मोठ्या टोपात येतो. पण तांदळाबरोबर मापटंही घरोघर फिरतं. तांदूळ आणि पाणी त्याच मापट्याने घ्यायचं, घरातल्या डब्याने नाही, असा दंडक आहे. एका वर्षी एका घराने आपलंच माप वापरलं आणि त्या चुलीवरच्या भाताची पेज झाली. ती पेज टोपात मिसळली आणि सगळं जेवण गिचका. त्यानंतर माझी आई मापटं पदराखाली धरून स्वतः घरोघर जायची.

आमच्या धंद्यातलं मापटं म्हणजे लायब्ररी. दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला कोड, जो आपण आयता वापरतो. प्रत्येक पावसाच्या आकड्यासोबत वेळ येते, आणि ती वेळ वाचायला माझा प्रोग्रॅम अशी एक लायब्ररी वापरायचा. डोंगरातली यंत्रं जुन्या बनावटीची, वेळ जुन्या पद्धतीने लिहिणारी. लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीला ती वाचता यायची. नवी आवृत्ती आली तिला वाचता यायची नाही. बरं, नाही येत तर नाही येत, तसं सांगावं. ते नाही. ती गुपचूप ती जागा रिकामी सोडायची, आणि वेळ नसलेला आकडा हिशोबातून बाद व्हायचा. डोंगरात कोसळणारा पाऊस असा सभ्यपणे गायब होत होता.

हा धोका मी आधीच सांगितला होता. माझ्या प्रोग्रॅमबरोबर मला हव्या त्या आवृत्तीची लायब्ररी बांधून पाठवू द्या, असं लीडला स्पष्ट म्हटलं होतं. तो म्हणाला, ‘सगळ्या मशीनवर कॉमन लायब्ररी टाकलेली आहे. प्रत्येकजण आपापलं गाठोडं घेऊन आला तर कसं चालेल?’ मी म्हटलं, ‘सर, त्या मशीनवर उद्या कुणी दुसरी आवृत्ती टाकली तर?’ तो म्हणाला, ‘कोण टाकणार? मीच बघतो ना.’ वर त्या व्यवस्थेचा स्वभावच असा की एकाच नावाच्या दोन लायब्ररी समोर आल्या तर ती मशीनवरची आधी उचलते, तुम्ही पाठवलेली नाही. तो स्वभाव बदलायची एक सेटिंग असते. तिला हात लावायची परवानगीही त्याच्याचकडे होती.

दुसऱ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला मला पहिल्यांदा शंका आली. तेच आकडे, तोच प्रोग्रॅम, आणि दोनदा चालवला तर दोन वेगळी उत्तरं. असं होणं शक्य नसतं. मी लीडला कळवलं. त्याने चिमूटभर आकडे घेऊन प्रोग्रॅम चालवला. एवढंसं काम एकाच मशीनवर उरकतं, आणि ती मशीन, हे मला नंतर कळलं, जुन्या आवृत्तीची निघाली. उत्तर बरोबर आलं. तो म्हणाला, ‘माझ्याकडे चालतंय. तू तुझं नेट बघ.’ मी त्याला समजावलं की माझा लॅपटॉप फक्त ‘सुरू कर’ एवढंच सांगतो, पुढचं सगळं तिकडच्या मशीनवर होतं, माझ्या नेटचा यात काही संबंध नाही. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. त्याने उत्तरादाखल एक हसरा चेहरा पाठवला.

त्या मशीनवर नेमकं काय टाकलंय ते मला बघू द्या, असं मी लेखी मागितलं. विनंती पुढे पाठवली आहे, असं उत्तर आलं. ती पुढेच राहिली.

आणि मग तो दिवस आला. सकाळपासून पोलादपुरात पाऊस असा होता की समोरच्या घराचे पत्रे दिसत नव्हते. दहाच्या सुमारास खिडकीखाली ट्रक थांबायला लागले. कशेडीत दरड आली की घाट बंद होतो आणि ट्रकांची रांग आमच्या वाडीपर्यंत येते. मी स्क्रीनकडे बघितलं. स्क्रीन सांगत होती, वरच्या भागात किरकोळ पाऊस. खिडकीत उभे ट्रक आणि स्क्रीनवर किरकोळ पाऊस. 

लीडला फोन लावला. तो दुसऱ्या कुठल्या मीटिंगमध्ये होता, तिथूनच दबक्या आवाजात बोलला. मी म्हटलं, ‘सर, मेसेज चुकीचा जातोय. थांबवा, नाहीतर हाताने तिसरा मेसेज पाठवा.’

‘एक मिनिट.’ की-बोर्डचा आवाज आला. ‘माझ्याकडे चालतंय गं.’

‘सर, माझ्या डोळ्यांसमोर पाऊस पडतोय.’

‘अगं, तुझ्या घरावर पडतोय म्हणजे सगळ्या खोऱ्यात पडतोय असं नाही ना. आणि हाताने मेसेज पाठवायची पद्धत नाही आपल्याकडे. उद्या पाणी नाही आलं तर जबाबदारी कुणाची?’

पाणी आलं तर कुणाची, हे मी त्याला विचारायला हवं होतं. त्याने तोवर फोन ठेवला होता.

मग ताईला फोन केला. मागे मशीनचा खडखडाट ऐकू येत होता, म्हणजे ती शिवत होती. मी म्हटलं, ‘ताई, सामान वर ने. आत्ता.’

‘अगो, मेसेज तर बोलतोय नेहमीसारखं हाय.’

‘मेसेज चुकलाय.’

‘आसा कसा चुकंल? गेल्या वर्षी एकदा तरी चुकला काय?’

‘ताई, मी सांगते ना.’

‘तू लहानपणापासनं घाबरट. पाऊस लागला की तुझ्या पोटात गोळा. माझी कंबर धरलीय गो, उगाच कशाला चढवू? तुझंच मशीन बोलतंय नाय म्हणून, नि तू फोनवर उलटं सांगतेस.’

मी आणखी काही बोलणार तेवढ्यात फोन तुटला. पुन्हा लावला, लागला नाही. आमच्याकडचा टॉवर गेला होता. नेटही गेलं. मी छत्री घेऊन हायवेवर गेले, पण ट्रकांच्या रांगेतून एसटी जाणार कुठून? आई दारात उभी राहून मला हाका मारत होती. मी तिच्यावर ओरडले. तिचा काय दोष होता, पण ओरडले.

पुढचं मला नंतर कळलं. दुपारी किराणावाले काका आपली पोती चढवून झाल्यावर त्यांच्या हमालाला घेऊन ताईकडे आले होते. चल पोरी, तुझंही चढवून टाकतो, म्हणाले. ताईने त्यांना फोन दाखवला. ते हमालाला घेऊन परत गेले. थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी पाणी दिसलं. भोंगा वाजला, तो वेळेवरच वाजला. ताई हातात येतील तेवढे कपडे घेऊन काकांच्या माळ्यावर गेली आणि तिथून तिने आपल्या दुकानात पाणी भरताना बघितलं.

रस्ता सुरू झाला तशी मी महाडला गेले. गल्लीत घोटाभर चिखल होता. ताईने मशीन दारात ओढून ठेवल्या होत्या आणि ती एका चाकातला चिखल काडीने काढत होती. आत दोरीवर लोकांच्या साड्या. त्यात सव गावच्या एका मुलीची लग्नाची पांढरी साडी होती, फॉल लावायला दिलेली. आम्हा बौद्धांत मुहूर्त बघत नाहीत, त्यामुळे भर पावसाळ्यात लग्न ठरलं होतं. ती साडी ताईने तीनदा धुतली होती आणि तरी खालचा अर्धा भाग चहाच्या रंगाचा दिसत होता. ताई स्वतः सवला जाऊन त्या मुलीच्या आईला ती साडी देऊन आली. ती बाई काय बोलली ते तिने मला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

मला वाटलं होतं ताई मला शिव्या घालेल. मी त्या ऐकायच्या तयारीने गेले होते. ती काडी खाली न ठेवता म्हणाली, ‘तू बोल्लेलीस गो. मीच नाय ऐकलं.’ मला तिचा इतका राग आला की मी तिथे उभी राहू शकले नाही. तिने चूक स्वतःकडे घेतली. ज्या माणसाने ती घ्यायला हवी होती तो पुण्यात घरी कोरडा बसला होता.

पूर ओसरल्यावर मला कंपनीच्या मशीन बघायची परवानगी मिळाली, लगेच, एका फोनवर. उन्हाळ्यात काही नव्या मशीन जोडल्या होत्या. कुठल्याशा दुकानाच्या सवलतीच्या कुपनांच्या कामासाठी लीडने त्यांच्यावर लायब्ररीची नवी आवृत्ती टाकली होती. जुन्या मशीन तशाच. काम वाटताना ज्या चुलीवर जो तांदूळ गेला तसा तो शिजला. मोठं काम जितकं पसरलं, तितके डोंगरातले आकडे नव्या मशीनवर जाऊन गळाले, आणि जे उरले त्यांचं उत्तर आलं ‘नेहमीसारखं’.

मीटिंग झाली. लीडने स्लाईड केली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं की डोंगरातल्या यंत्रांच्या डेटाचा दर्जा चांगला नव्हता. खाली ‘लर्निंग्ज’ असं शीर्षक. मी म्हटलं, ‘यंत्रं गेली कित्येक वर्षं तशीच वेळ लिहितात. मशीनवर लायब्ररी कुणी बदलली ते लिहा.’  लीड समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘आपण इमोशनल नको होऊया. तुझे पर्सनल काही इश्यू असतील तर नंतर बोलू.’ त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. आई शेजारच्या खोलीत होती, तिने ते सगळं ऐकलं आणि संध्याकाळी मला न विचारता गोड शिरा केला.

त्यानंतर मी ते काम माझ्या पद्धतीने केलं आणि या वेळी कुणाची टाप झाली नाही मला अडवायची. लायब्ररी प्रोग्रॅमबरोबर बांधली. तिचं नावही आतल्या आत बदललं, म्हणजे मशीनवरच्या तिच्या नावाच्या दुसरीशी गाठच पडू नये. काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक मशीनने आपण कुठली आवृत्ती वापरतोय ते सांगायचं, आणि एकीची जरी वेगळी निघाली तरी प्रोग्रॅमने पुढे जायचं नाही, बोंब मारायची. रिकाम्या जागेला पाऊस नाही असं समजायचं नाही. एवढंच होतं ते. एवढं मी आधी मागत होते. पुढच्या मीटिंगमध्ये लीड म्हणाला, ‘आपण ही सिस्टीम आता खूप मजबूत केली आहे.’ आपण.

त्याच पावसाळ्याच्या उत्तरार्धात पुन्हा खिडकीखाली ट्रक उभे राहिले. या वेळी स्क्रीन आणि खिडकी एकच बोलत होत्या. ‘सामान वर न्या’ हा मेसेज पाणी यायच्या कितीतरी आधी, भर सकाळी गेला. एकही आकडा गळला नव्हता, मी स्वतः तपासलं. माझा ऊर भरून आला. मी ताईला फोन केला.

‘ताई, मेसेज आला?’

‘आला आसंल. बघितला नाय.’

‘बघितला नाही म्हणजे? सामान चढव, तिसरा मेसेज आहे.’

‘मी कालच चढवलं गो सगळं. काकांचा हमाल बोलावलेला.’

‘काल? काल तर नेहमीसारखं होतं.’

‘व्हय. आता पाऊस लागला की चढवते. पाणी येवो नाय तर न येवो.’

‘आणि कंबर?’

 मागे मशीनचा आवाज नव्हता. मशीन माळ्यावर होत्या आणि ती रिकाम्या दुकानात बसली होती. मला तिला ओरडून सांगायचं होतं की आता सगळं दुरुस्त केलंय, आता चुकणार नाही, आता तरी माझ्या मशीनवर विश्वास ठेव. पण त्या पुराच्या दिवशीही तिने तोच विश्वास ठेवला होता.

‘तू लावून घेऊ नको मनाला,’ ती म्हणाली. ‘मेसेजचं जाऊ दे. तूच फोन करत जा मला. आता तू बोलशील तसं करीन.’

मोठा पाऊस लागला की आमच्याकडचा टॉवर सगळ्यात आधी जातो. त्या दिवशी आमचं बोलणं अर्धवट तुटलं ते त्यामुळेच, हे ताईला पक्कं ठाऊक आहे. तो मेसेज बनवण्यासाठी मी एवढा जीव ओतला, तो कुणाला माझ्या फोनवर विसंबून राहावं लागू नये म्हणूनच.

मी म्हटलं, ‘करीन.’